गावची नोंद आणि परदेशची मोहोर

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, नरखेड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी जेव्हा आम्हांस या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि त्यापुढे अध्यापनाच्या पदविकेचे. आयुष्य गेले ते खडू आणि हजेरीपट यांच्या संगतीत. विद्वानांच्या रांगेत बसण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, आपल्या समाजाची मुले आता परदेशी जाऊ लागली आहेत. त्यांचे कागद अडतात. यावर कोणी काही सांगत नाही. आपण सांगा." हे ऐकल्यावर मात्र आम्हांस नाही म्हणवेना. कारण असा एक कागद आमच्याच हातून अडलेला आहे. त्याची कथा पुढे यथाक्रम येईलच. प्रारंभी विषय काय आहे तो पाहू.

आमच्या बालपणी जलालखेड्याचा किंवा सावरगावचा मुलगा नागपूरला शिकावयास गेला तरी गावात त्याचे कौतुक होत असे. मुंबईस कोणी नोकरीला लागला तर घरी सत्यनारायण होई. आज काळ पालटला आहे. संत्र्याच्या बागेत वाढलेल्या मुली परिचारिका होऊन समुद्रापार जातात. मुले यंत्रशास्त्र शिकून कॅनडात आणि आखातात काम करतात. उपवर-उपवधू मेळाव्यातही परदेशस्थ वराचे पत्रक असतेच असते. ही प्रगती अभिमानास्पद आहे. पण माणूस परदेशी जावयाचा म्हणजे त्याच्या आधी त्याचे कागद जावे लागतात. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, पदवी, विवाहाची नोंद, मुखत्यारपत्र, प्रतिज्ञापत्र असे नाना प्रकारचे कागद. आपल्या गावच्या ग्रामसेवकाची सही नरखेडात सर्व ओळखतात. ती आयर्लंडमधील कारकुनाने कशी ओळखावी? सारा प्रश्न या एका वाक्यात आहे.

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर मोठे लांबलचक होते. एका सहीवर दुसरी सही, दुसरीवर तिसरी, अशी साखळीच असे. स्थानिक अधिकाऱ्याची सही वरिष्ठाने खरी म्हणावयाची, वरिष्ठाची सही राज्य सरकारने, राज्य सरकारची दिल्लीने, आणि अखेर ज्या देशात जावयाचे त्या देशाच्या वकिलातीने त्या सर्वांवर आपली मोहोर उमटवावयाची. हा व्याप कमी करावा म्हणून नेदरलँड्समधील हेग या नगरीत ५ ऑक्टोबर १९६१ रोजी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. तो १९६५ साली अमलात आला. सव्वाशेहून अधिक देश आज त्यात सामील आहेत. या कराराने शेवटची कडी, म्हणजे वकिलातीची मोहोर, काढून टाकली आणि तिच्या जागी एकच प्रमाणपत्र ठेवले. कागद ज्या देशाचा, त्या देशाच्या सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने ते द्यावयाचे आणि करारातील इतर देशांनी ते मानावयाचे. त्यास 'अपोस्टिल' असे फ्रेंच नाव आहे. त्या शब्दाचा मूळ अर्थ समासात लिहिलेली टीप एवढाच आहे. प्रमाणपत्र चौकोनी असते, त्याची प्रत्येक बाजू किमान ९ सेंटिमीटर असावी असा दंडक आहे, आणि त्याच्या शिरोभागी कराराचे नाव फ्रेंच भाषेतच असावे लागते. आत दहा क्रमांकित रकाने असतात: देश कोणता, सही कोणाची, कोणत्या अधिकाराने, मोहोर कोणाची, प्रमाणित कोठे केले, कोणत्या दिवशी, कोणी, कोणत्या क्रमांकाने, आणि अखेरीस मोहोर व सही.

भारत या करारात पुष्कळ उशिरा आला. आपल्या सरकारने २००४ साली संमती कळविली आणि १४ जुलै २००५ पासून करार आपणांस लागू झाला. आपल्याकडे अपोस्टिल देण्याचा अधिकार केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयास आहे. परंतु दिल्लीच्या अधिकाऱ्यास तरी आपल्या ग्रामसेवकाची सही कोठून ठाऊक असणार? म्हणून त्याआधी राज्य शासनाची पायरी चढावी लागते. जन्म, मृत्यू, विवाह, प्रतिज्ञापत्र, मुखत्यारपत्र अशा वैयक्तिक कागदांवर राज्याच्या गृह अथवा सामान्य प्रशासन विभागाचे प्रमाणन लागते. शैक्षणिक कागदांवर राज्याच्या शिक्षण खात्याचे, आणि व्यापारी कागदांवर वाणिज्य मंडळाचे. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय. मंत्रालय अर्जदाराच्या हातून थेट कागद घेत नाही. त्याने नेमलेल्या सेवासंस्थांमार्फत घेते. २०१७ पासून 'ई-सनद' नावाची संगणकीय व्यवस्थाही सुरू झालेली आहे. ज्या संस्थांनी आपले दप्तर तिला जोडले आहे, त्यांच्या दाखल्यांची पडताळणी तीत घरबसल्या होते.

येथे संत्र्याच्या व्यापारात असलेल्या बंधूंसाठी एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. सीमाशुल्क किंवा व्यापारी व्यवहाराशी थेट संबंध असलेले सरकारी कागद या करारातून वगळलेले आहेत. तेव्हा मालाच्या गाडीबरोबर जाणाऱ्या सरकारी दाखल्यांस हा मार्ग नाही. त्यांची वाट निराळी आहे.

सर्वच देश करारात नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. ओमान व बहरीन करारात आहेत. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये आला, आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये. संयुक्त अरब अमिरात आणि कुवेत हे मात्र करारात नाहीत. तेथे जावयाचे तर परराष्ट्र मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या वकिलातीची जुनी पायरी अजूनही चढावी लागते. म्हणून कोणताही कागद हाती घेऊन धावण्यापूर्वी, ज्या कार्यालयात तो द्यावयाचा आहे त्या कार्यालयास आधी विचारावे: कोणता कागद, मूळ की नक्कल, भाषांतर हवे की नको, आणि किती अलीकडचा. करारात अपोस्टिलला मुदत घातलेली नाही, पण दाखला नव्याने काढलेला असावा असे घेणारे कार्यालय म्हणू शकते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. ही मोहोर नेमके काय सांगते? आमच्या अनुभवात शंभरांतील नव्वद लोकांचा समज असा, की अपोस्टिल लागले म्हणजे कागदातील मजकूर खरा ठरला. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. करारात स्पष्ट म्हटले आहे, की अपोस्टिल फक्त तीन गोष्टींची ग्वाही देते. सही खरी आहे, सही करणारा त्या अधिकारावर होता, आणि मोहोर असल्यास ती खरी आहे. बस्स. दाखल्यात जन्मतारीख चुकली असेल, तर दिल्लीची मोहोर ती चूक दुरुस्त करीत नाही. उलट ती चूक आहे तशी परदेशी पोहोचवून देते. पाटाचे दार कितीही उत्तम असले तरी विहिरीत जे पाणी असेल तेच बागेत यावयाचे. विहीर कोठे आहे? ती गावात आहे. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत आहे आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आहे.

आता आमची कथा सांगतो. १९८८ सालच्या जून महिन्यात एक शेतकरी आपल्या मुलीचा हात धरून आमच्या शाळेत आला. आम्ही जन्मतारीख विचारली. तो म्हणाला, "पोळ्याच्या आठ दिवस आधी झाली गुरुजी, ब्याऐंशी साली." आम्ही बोटांवर हिशेब केला. मुलीस सहा वर्षे पूर्ण होण्यास दीड-दोन महिने कमी पडत होते. यंदा घेतली नाही तर एक वर्ष वाया जाईल, आणि पुढल्या वर्षी बाप तिला पुन्हा शाळेत आणील याची शाश्वती कोणी द्यावी? आम्ही त्यास अडचण सांगितली. तो हसून म्हणाला, "मंग लिहा गुरुजी, तुमच्या मनानं." आणि आम्ही आमच्या मनाने, सुवाच्य अक्षरात, १ जुलै १९८२ ही तारीख लिहिली. हेतू वाईट नव्हता. त्या काळी आम्हा शिक्षकांच्या हातून अशा कित्येक बालकांचे जन्म १ जुलैला झाले. ज्ञातिबंधूंनो, या सभागृहात बसलेल्या किती जणांचा वाढदिवस १ जुलै किंवा १ जून आहे, ते आपल्या शेजाऱ्यास विचारून पाहावे.

मुलगी हुशार निघाली. मॅट्रिक झाली, परिचारिकेचे शिक्षण घेतले, आणि २०१३ साली परदेशातील एका रुग्णालयाने तिला नोकरी देऊ केली. तिचे पारपत्र शाळेच्या दाखल्यावरून निघालेले होते. त्यावर अर्थातच १ जुलै. रुग्णालयाने जन्माचा दाखला मोहोरेसह मागितला. तिने ग्रामपंचायतीतून नक्कल काढली. तिच्या बापाने त्या वेळी ग्रामसेवकास खरी तारीख सांगितली होती. नक्कल आली ती ११ ऑगस्ट १९८२ ची. दोन्ही कागदांवर रीतसर मोहोर लागू शकत होती, कारण दोन्ही सह्या खऱ्या होत्या. पण दोन खऱ्या सह्यांचे दोन जन्म झाले होते. परदेशचे कार्यालय साहजिकच विचारते झाले, की ही बाई एक की दोन?

एके दिवशी सायंकाळी ती आमच्या घरी आली. ओसरीवर बसून तिने दोन्ही कागद आणि शाळेच्या रजिस्टरची एक छायाप्रत आमच्यापुढे ठेवली, आणि हळूच विचारले, "हे अक्षर तुमचंच आहे नं, गुरुजी?" तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर आम्हांस सोसवला असता. आम्ही मान डोलाविली. ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा घेतलं नसतं तर मी शाळेतच आले नसते. पण आता काय करू ते सांगा." आम्ही तिच्याबरोबर जेथे जेथे जाता आले तेथे तेथे गेलो. प्रतिज्ञापत्र झाले, अर्ज झाले. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरातील तारीख बदलणे किती दुष्कर असते, हे ज्या शिक्षकाने ती लिहिली त्यालाच त्या वर्षी कळले. नऊ महिने गेले. रुग्णालयाने ती जागा दुसरीस दिली. पुढे दोन वर्षांनी तिला दुसऱ्या देशात काम मिळाले, आणि आज ती सुखात आहे. पण दोन वर्षे गेली ती गेलीच. एक वर्ष वाचविण्यासाठी आम्ही लेखणी चालविली आणि तिची दोन वर्षे खर्ची घातली. हा हिशेब आम्ही अद्याप कोणास जाहीरपणे सांगितलेला नव्हता. आज सांगितला.

अशी अडचण एकट्या तिची नाही. आपल्या या नरखेड भागाचे कागद इतर ठिकाणांपेक्षा काहीसे अधिक गुंतागुंतीचे आहेत, आणि त्याची कारणे आपल्या इतिहासात आहेत. आपल्या वडिलधाऱ्यांचे दाखले काढून पाहावे. कोणावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असे आहे. कोणावर 'मध्यप्रदेश' असे आहे, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्यप्रदेशाची राजधानी होती. त्यानंतर मुंबई राज्य आले, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. एकाच घरातील आजोबा, वडील आणि काका एकाच खोलीत जन्मले, पण कागदावर तीन राज्यांत. परदेशच्या अधिकाऱ्यास हे कसे उमगावे? अशा वेळी कागदाबरोबर दोन ओळींचा खुलासा जोडावा. शिवाय नरखेडचा हा भाग पूर्वी काटोल तहसिलीत मोडत होता. जुनी नोंद नरखेडात सापडली नाही म्हणून ती नाहीच असे समजू नये. काटोलकडेही शोध घ्यावा.

दुसरे असे, की आपली सोयरीक सीमेपलीकडे पांढुर्णा, सौंसर या बाजूस पूर्वापार आहे. तिकडची लेक आपल्या घरी सून म्हणून येते. तिचा जन्माचा आणि शाळेचा कागद मध्यप्रदेशाचा. त्यावर मुंबईच्या मंत्रालयाचे प्रमाणन मागून उपयोग नाही. कागद ज्या राज्यात निघाला त्याच राज्याने तो प्रमाणित करावयाचा असतो, म्हणजे वाट भोपाळची. विवाहाची नोंद मात्र जेथे झाली तेथली. एकाच सुनेचे दोन कागद दोन राजधान्यांस पाठवावे लागतात, हे आधी ठाऊक असले तर दोन महिने वाचतात.

तिसरे, विद्यापीठाचे. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठास २००५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव दिले गेले. आपल्या कोणा बंधूची पदवी १९९८ ची आणि पदव्युत्तर पदवी २००८ ची असेल, तर कागदावर दोन विद्यापीठे दिसतात. ती एकच आहेत हे सांगणारे पत्र विद्यापीठाकडून आधीच घेऊन ठेवावे.

चौथे कारण दुःखाचे आहे. ३० जुलै १९९१ ची आठवण या भागात कोणी विसरलेला नाही. वर्धा नदीच्या महापुराने मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे गेली, आणि पुढे गावाचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले. जेथे माणसांचा पत्ता लागेना तेथे पेटीतील कागदांचे काय बोलावे? पण पुढे मुलांना दाखले लागलेच. यावरून एवढा बोध घ्यावा, की महत्त्वाच्या कागदाच्या अधिकृत नकला दोन ठिकाणी असाव्यात, आणि मूळ कागद पेटीच्या तळाशी नव्हे तर उंच जागी असावा.

आता जुन्या नोंदींविषयी. ज्यांचा जन्म १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यापूर्वीचा आहे, त्यांच्या नोंदी आपल्याकडे कोतवाल बुकात सापडतात. जात पडताळणीच्या निमित्ताने कोतवाल बुकाची नक्कल काय असते, हे आपल्या समाजातील बहुतेक घरांस कळलेले आहे. आजोबांच्या नावासाठी आपण तहसिलीच्या दप्तरखान्यात दिवसेंदिवस बसलो आहोत. तेथे आपण पाहिले असेलच, की पुष्कळ नोंदींत बाळाचे नाव नसतेच. बापाचे नाव, जात, आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच. अशी नोंद परदेशी चालावी म्हणून तिला इतर पुराव्यांची जोड द्यावी लागते. नोंद मुळीच सापडली नाही, तर 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला घेऊन शाळेच्या कागदांसह तो सादर करता येतो का, हे संबंधित कार्यालयास विचारावे. पडताळणीसाठी आपण जी चिकाटी दाखविली, तीच येथे दाखविली तर काम अवघड नाही.

जर्मनीविषयी दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत, कारण २०२४ साली महाराष्ट्र शासनाने त्या देशातील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयी करार केल्यापासून आपल्या तरुणांचे लक्ष तिकडे लागले आहे. भारत हेग करारात आला त्या वेळी जर्मनीने आक्षेप नोंदविला. त्यामुळे त्या देशात आपल्या कागदांवरील अपोस्टिलला करारातील मान नाही. जन्म-विवाहासारख्या कागदांबाबत तेथील कार्यालयास जरूर वाटली, तर त्यांची वकिलात विश्वासू वकिलामार्फत मूळ दप्तराची प्रत्यक्ष पडताळणी करविते. म्हणजे काय, तर नोंद ज्या वहीत आहे ती वही उघडून पाहिली जाते. बेलोन्याच्या अथवा थडीपवनीच्या ग्रामपंचायतीतील कपाट कधी काळी परक्या देशासाठी उघडले जाईल, असे ती वही लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल. पण काळ असा आला आहे. वहीत खाडाखोड असेल, शाई बदललेली असेल, तर तेथे कोणतीही मोहोर उपयोगी पडत नाही. इतर देश सहीवर विश्वास ठेवून थांबतात. हा देश थेट विहिरीत डोकावतो. दोघांचेही समाधान करावयाचे तर उपाय एकच. विहीर स्वच्छ पाहिजे.

नावांचा घोळ हा तारखांइतकाच मोठा. आपल्याकडे आडनावे एका मात्रेने बदलतात. वानखडे आणि वानखेडे हे गावात एकच घर असू शकते, पण इंग्रजी अक्षरांत ती दोन घराणी होतात. बापाचे नाव एका कागदावर नामदेव, दुसऱ्यावर नामदेवराव. मुलीचे नाव शाळेत लता, विवाहनोंदीत लताबाई, आणि सासरी ठेवलेले आणखी तिसरेच. मॅट्रिकच्या प्रमाणपत्रात आडनाव प्रथम येते, पारपत्रात आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत जाते. म्हणून आमचे नम्र सांगणे असे, की प्रत्येक कुटुंबाने एका वहीत घरातील प्रत्येकाचे नाव मराठीत व इंग्रजीत एकदा ठरवून लिहून ठेवावे, आणि जन्मनोंदीपासून पारपत्रापर्यंत तेच लिहावे. चूक आढळली तर ती आज दुरुस्त करावी. दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी जी चूक एका अर्जाने सुधारते, तीच पुढे राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि कित्येक हेलपाटे मागते.

आता मातापित्यांसाठी एक नाजूक गोष्ट. परदेशस्थ वराकडून 'मी अविवाहित आहे' असे मोहोर लावलेले प्रतिज्ञापत्र आले, की मुलीचा बाप निश्चिंत होतो. वर आम्ही जे सांगितले ते येथे आठवावे. प्रतिज्ञापत्रावरील अपोस्टिल एवढेच सांगते, की ज्या नोटरीपुढे ते झाले त्याची सही खरी आहे. वर खरे बोलला की खोटे, याविषयी ती मोहोर एक अक्षरही बोलत नाही. त्याचा स्वतःचा शब्द तो स्वतःचा शब्दच राहतो. म्हणून शक्य असेल तेथे त्या देशाच्या सरकारी दप्तरातून निघालेला दाखला मागावा. पूर्वी घटस्फोट झालेला असेल तर न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत मागावी, आणि त्यावर त्या देशाचे अपोस्टिल मागावे. कागद मागण्यात संकोच कसला? आपल्या लेकीकडून ते लोक कागद मागतातच ना? आणि विवाह होताच त्याची नोंद करून घ्यावी. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. केवळ लग्नपत्रिका आणि छायाचित्रे यांवर परदेशी दार उघडत नाही.

जे बंधू परदेशी आहेत आणि येथील शेतीचा कारभार भावास सोपवू इच्छितात, त्यांनी मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीपुढे अथवा नोटरीपुढे करावे. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक लावून घ्यावा. ही मुदत चुकल्यामुळे भावाभावांत कागदाचे भांडण आणि पुढे मनाचे भांडण झालेले आम्ही पाहिले आहे.

दलालांविषयी थोडक्यात. परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिलची फी एका कागदास ५० रुपये आहे. त्यावर नेमलेल्या सेवासंस्थेचा आकार निराळा लागतो. राज्य शासनाच्या पायरीचा आणि जाण्यायेण्याचा खर्चही धरावा. तरीही कोणी एका कागदाचे पंधरा-वीस हजार मागू लागला, तर तो कशाचे पैसे मागतो हे विचारावे. "दप्तरात काहीही असो, मी मोहोर आणून देतो," असे म्हणणाऱ्याच्या सावलीसही उभे राहू नये. खोटी मोहोर लावलेला कागद परदेशी पकडला गेला, तर दलाल येथेच राहतो आणि मुलगा तेथे अडकतो. प्रत्येक अपोस्टिलला क्रमांक असतो आणि तो पडताळता येतो. मूळ कागदास प्लास्टिकचे आवरण चढवू नये, कारण मोहोर लावावयास जागा राहत नाही. हौसेने केलेले लॅमिनेशन काढताना फाटलेली गुणपत्रिका आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

शेवटी मंडळापुढे आमची एक विनंती आहे. मेळाव्यात आपण गुणवंतांचा सत्कार करतो, उपवरांचा परिचय करून देतो, महाप्रसाद करतो. हे सर्व उत्तमच आहे. त्याबरोबर, पुढील वर्षापासून सभामंडपाच्या एका कोपऱ्यात एक टेबल मांडावे. तेथे समाजातील दोन निवृत्त शिक्षक आणि दप्तराच्या कामाची माहिती असलेला एखादा निवृत्त कारकून बसावा. आठवी-नववीतील मुलांच्या पालकांनी जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधारपत्रिका घेऊन यावे. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून नाव, बापाचे नाव, आईचे नाव आणि तारीख जुळते की नाही एवढेच पाहावयाचे. जुळत नसेल तर कोणता अर्ज कोणाकडे करावयाचा ते कागदावर लिहून द्यावयाचे. याला पैसा लागत नाही. चष्मा आणि सबुरी लागते, आणि या दोन्ही गोष्टी आम्हा निवृत्तांकडे भरपूर आहेत. त्या टेबलाशी पहिली खुर्ची आमची समजावी.

आणि आजच्या शिक्षकबंधूंस, तसेच ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्या आपल्या ग्रामसेवकांस आमचे हात जोडून सांगणे आहे. बाप जेव्हा विश्वासाने म्हणेल, "लिहा तुमच्या मनानं," तेव्हा लेखणी खाली ठेवावी. मनाने लिहू नये. त्यास परत पाठवावे, जन्माची नोंद आणावयास सांगावे, आणि जरूर तर त्याच्याबरोबर चार पावले जावे. आपण लिहितो ती एक ओळ त्या बालकाबरोबर जन्मभर चालणार असते. नरखेडच्या स्टेशनावर त्यास निरोप देऊन आपण घरी परततो, पण आपले अक्षर त्याच्या पिशवीत बसून समुद्र ओलांडते.

ती मुलगी गेल्या दिवाळीत गावी आली होती. बरोबर तिचा लहान मुलगा होता. तो परदेशात जन्मलेला. तिने त्याचा जन्माचा दाखला आम्हांस कौतुकाने दाखविला. पाठीमागे त्या देशाचे चौकोनी अपोस्टिल होते, कारण येथे काही कामासाठी तो लागत होता. आम्ही चष्मा लावून प्रथम नाव वाचले, मग तारीख वाचली, आणि तिला विचारले, "बरोबर आहे ना गं?" ती हसली आणि म्हणाली, "दवाखान्यातच तीनदा वाचून घेतली, गुरुजी."